मोठ्या मुलांना कोणी नेत नाही

माया कोणावर करायची, याचा एदिल्मा तिबादुइसाने स्वतःपुरता एक नियम करून ठेवला होता. आठ वर्षांच्या आतल्या पोराला जीव लावायचा नाही.

हा नियम तिला फुकटात मिळाला नव्हता. बोगोताच्या उत्तरेला डोंगरात असलेल्या तुंहा गावच्या सांता ओलाया बालगृहात ती कामाला लागली तेव्हा एकवीस वर्षांची होती. वेंताकेमादाकडच्या बटाट्याच्या शेतांतून आलेली, गालांवर थंडीने कायमचे लाल चट्टे पडलेली, बोलायला लाजणारी. पहिल्याच वर्षी तिच्या हातात दोन महिन्यांचं एक पोर दिलं गेलं, एव्हेलियो नावाचं. दीड वर्ष ते तिच्या कमरेवर वाढलं. मग एके दिवशी नॉर्वेहून एक उंच जोडपं आलं, महिनाभर गावात राहिलं, कोर्टाचा कागद हातात पडला आणि एव्हेलियोला घेऊन गेलं. त्या गोऱ्या बाईने पोराला खांद्यावर टाकलं ते इतक्या सहज, की जणू तिनेच त्याचं दुखणंखुपणं काढलं होतं. एदिल्मा कपडे धुवायच्या दगडावर गेली आणि एकच चादर घासत बसली. शेवटी दुसऱ्या बायांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"रडतेस कशाला? भलं झालं त्याचं," त्या वेळच्या संचालिका म्हणाल्या.

भलं झालं हे एदिल्मालाही कळत होतं. कळत होतं म्हणून तर बोलायची सोय नव्हती. दीड वर्ष आपण घासलं आणि हिने पाच मिनिटांत आई होऊन दाखवलं, हे कोणाला सांगायचं?

त्यानंतर तिने पाळण्यातल्या मुलांकडे पाठ फिरवली. परदेशातून येणाऱ्यांना बाळं हवी असत. फार तर तीन-चार वर्षांची. मोठी मुलं खिडकीला नाक लावून नवी गाडी बघत आणि पुन्हा अंगणात चेंडू मारायला जात. मोठ्यांना कोणी नेत नाही, हे स्वयंपाकघरापासून कचेरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे ते सुस्कारा टाकून म्हणत. एदिल्माला मात्र त्या वाक्याने बरं वाटायचं. ही मुलं आपली, कोणी मागायला येणार नाही. ती त्यांना विणायला शिकवी, त्यांची शाळेची भांडणं मिटवी. अठरा पूर्ण झाले की ती बाहेर पडत, आणि दोन-चार वर्षांनी नाताळात स्वतःचं लेकरू कडेवर घेऊन तिला भेटायला येत. पीक उशिरा येई, पण आपल्याच खळ्यात येई.

युरानी आणि डेसी या बहिणी आल्या तेव्हा एक सहा वर्षांची होती, एक तीनची. नियमात बसणाऱ्या नव्हत्या. पण दोघींना तोडायचं नाही असा न्यायाधीशाचा हुकूम होता, शिवाय मुलींवरच्या आईच्या हक्काचा खटला लोंबकळत पडला होता. म्हणजे नियमात बसल्यासारख्याच, असं एदिल्माने मनाशी ठरवून टाकलं.

युरानी पहिले चार महिने बोललीच नाही. एदिल्माने तिला काही विचारलं नाही. रोज सकाळी वेणी घालताना ती आपणच बोले. बटाट्याला कीड लागल्याचं, भावाच्या गाईचं, स्वयंपाकीण कुस्तोदियाच्या घोरण्याचं. पाचव्या महिन्यात युरानी अचानक म्हणाली, "गाईचं नाव काय?" एदिल्माच्या हातातला कंगवा थांबला. "पालोमा," ती म्हणाली, आणि जसं काही झालंच नाही अशी वेणी घालत राहिली.

डेसीचं वेगळं होतं. ती भाकरीचे तुकडे उशीखाली लपवायची. ते काढून घेतले की आकांत करायची, आणि न काढावे तर उंदीर यायचे. एदिल्माने तिला झाकणाचा एक पत्र्याचा डबा दिला, हा तुझा, याला कोणी हात लावणार नाही म्हणून सांगितलं. मग तुकडे डब्यात जाऊ लागले. डोक्यावरून पाणी घेतलं की ती चावायची. पूर्वी कोणीतरी तिला पाण्याच्या पिंपात बुचकळलं होतं म्हणे. वर्षभर नाना उपाय करून एदिल्माला तिला न्हाऊ घालायची रीत सापडली. बाकावर उताणं निजवायचं, डोळ्यांवर कोरडा रुमाल, मान आपल्या हातावर, आणि पाणी कपाळाकडून मागे, वाटी-वाटीने. तोपर्यंत तिने एदिल्माच्या झग्याची बटणं बोटांनी चाचपून मोजायची. बटणं सात. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

पाच वर्षं गेली. डेसी आठ पुरी झाली, युरानी अकरा. आता तर प्रश्नच मिटला, असं एदिल्माला वाटलं. वेंताकेमादाला भावाने तिच्यासाठी दोन खोल्या काढून ठेवल्या होत्या. "अठराची झालीस की माझ्याकडे यायचं," ती युरानीला म्हणायची. "डेसी सुट्टीला येईल. मग तीही कायमची." युरानी मान हलवायची. तिने वरच्या खोलीचा रंगसुद्धा ठरवला होता.

ऑगस्टमधल्या एका वाऱ्याच्या दिवशी बालगृहाच्या मानसतज्ज्ञ अंपारो मॅडमनी एदिल्माला खोलीत बोलावलं.

"बसा, एदिल्माबाई. चांगली बातमी आहे. आईचा खटला निकाली निघाला, आणि युरानी-डेसीला कुटुंब मिळालं. इटलीतलं."

"दोघींना?"

"दोघींना."

"युरानी अकराची आहे, हे सांगितलंय ना त्यांना? नंतर विमानातून उतरल्यावर तोंडं वाकडी नकोत."

"सगळं माहितीये त्यांना. त्यांनी मोठीच मुलं मागितली होती."

"म्हणजे बाळ मिळालं नसणार."

"नाही हो," अंपारो मॅडम हसल्या. "बाळ मागितलंच नाही. बाई सत्तेचाळीस वर्षांची आहे. अर्जात लिहिलंय तिने, बाळांना कोणी ना कोणी मिळतंच, मोठ्यांकडे कोणी बघत नाही."

एदिल्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हा तर तिचा विचार! तीस वर्षं तिने एकटीने जपलेला, कोणाला न सांगितलेला. समुद्रापलीकडची कोण कुठली बाई तो कागदावर लिहून मोकळी झाली, आणि त्या कागदाच्या जोरावर पोरी न्यायला निघाली.

आठवड्याने त्या कुटुंबाचा फोटोंचा अल्बम आला. मुलींना तो रोज थोडा थोडा दाखवायचा, हे काम एदिल्माचं. आधी तिने तो स्वयंपाकघरात नेऊन स्वतः पाहिला. बाई मिरेला, नवरा ओरेस्ते. दगडी घर, मागे डोंगर, एक म्हातारा कुत्रा, दोन पलंग आणि भिंतीवर मुलींची नावं.

"दात बघ हिचे," एदिल्मा म्हणाली. "हसते की धमकी देते?"

कुस्तोदियाने हात पुसत डोकावून पाहिलं. "चांगले आहेत की दात. माझे असे असते तर मी दिवसभर हसले असते."

"केस रंगवलेत."

"तूही रंगव. कोण नको म्हणतंय?" कुस्तोदिया पुन्हा बटाटे सोलायला बसली. "काय गं एदिल्मा, अशी तोंड आंबट करून बसलीस, तुझ्यावर सवत आली की काय?"

"सवत नवरा असला तर येते."

"तेच म्हणते मी. तुला नवरा नाही, तरी आली."

एदिल्मा उठून गेली. पण सवत हा शब्द तिच्यामागे लागला तो सुटेना. मुलींना फोटो दाखवताना ती पान लवकर उलटायची. घर दाखवी, डोंगर दाखवी, बाईच्या फोटोवर आली की "ही ती" एवढंच म्हणे. डेसीला कुत्रा आवडला. युरानीने विचारलं, "बाई कशी आहे?"

"मला काय माहीत? फोटोत सगळेच चांगले दिसतात."

इथवर तिचं वागणं कोणीही माफ केलं असतं. पण अंपारो मॅडमनी तिला आणखी एक काम सांगितलं. दोघींच्या सवयी, खाणंपिणं, भीती, सगळं एका कागदावर लिहून द्या, नव्या आईला उपयोगी पडेल.

एदिल्मा कागद घेऊन बसली. डबा, रुमाल, वाटी, सात बटणं, सगळं लेखणीच्या टोकाशी आलं होतं. वर्षभर रोज चावून घेऊन, लाथा खाऊन मिळवलेलं हे शहाणपण त्या दातवाल्या बाईला आयतं द्यायचं? तिने लिहिलं: "डेसी सर्व खाते. कशाला घाबरत नाही. केस रोज धुवावेत, तिला आवडतं. उशीखाली काही लपवलं तर लगेच काढून टाकावं. युरानी शांत मुलगी आहे. वेणी स्वतः घालते." खाली सही केली. बत्तीस वर्षांच्या नोकरीवर विश्वास ठेवून अंपारो मॅडमनी तो कागद तसाच पाठवून दिला.

आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, वेणी घालताना, युरानीने हळूच विचारलं, "त्यांना आम्ही आवडलो नाही तर?"

एवढंच म्हणायचं होतं की आवडाल गं, वेडी की काय. एदिल्मा म्हणाली, "नाही आवडलं तर परत पाठवतात. मोठ्या मुलांना परत पाठवता येतं. काही हरकत नाही, मी इथेच आहे."

एदिल्माने वेणीला रिबीन बांधली. गाठ चांगली बसली होती.

भेटीच्या दिवशी दिवाणखान्यात फुगे लावले होते, केक आणला होता. मिरेला फोटोपेक्षा बुटकी निघाली, दारातच रडायला लागली. ओरेस्तेला काय करावं सुचेना, तो टोपी हातात फिरवत उभा. युरानीने शाळेत पाहुण्यांना करतात तसा हात पुढे केला. डेसी सरळ धावत आली आणि एदिल्माच्या झग्यात तोंड खुपसून उभी राहिली.

सगळ्यांच्या नजरा एदिल्माकडे वळल्या. तिने डेसीच्या पाठीवर हात ठेवला, "जा बाळा, जा," म्हणाली, पण हात काढला नाही. आत कुठेतरी तिला उकळी फुटत होती. घ्या, होऊन दाखवा आता पाच मिनिटांत आई.

कोर्टाचा निकाल लागेपर्यंत परदेशी कुटुंबांना मुलांसह गावातच राहावं लागे. मिरेला-ओरेस्तेने चौकामागे भाड्याने घर घेतलं होतं. मुली तिकडे गेल्या. एदिल्मा रोज सकाळी उठून वाट बघू लागली. कशाची, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही. आठव्या दिवशी अंपारो मॅडम धापा टाकत आल्या.

"एदिल्माबाई, तिकडे जरा जाता का? फार बिनसलंय. डेसीने बाईंच्या हाताचा लचका तोडलाय. आणि युरानी म्हणते, आम्हाला परत पाठवा, पाठवता येतं हे मला माहितीये. कुठून हे डोक्यात आलं तिच्या, देव जाणे."

एदिल्माने चांगली घोंगडी अंगावर घेतली, सणाची, पांढऱ्या काठाची. केस विंचरले. रस्त्यात ओळखीच्या दोघी भेटल्या, त्यांना तिने मुद्दाम थांबून सांगितलं, "त्या परदेशी लोकांकडे चाललेय. जमत नाहीये बिचाऱ्यांना."

दार ओरेस्तेने उघडलं. आतून जळक्याचा वास येत होता. मिरेला मक्याची भाकरी करायला बसली होती. तव्यावर काळं झालेलं काहीतरी होतं आणि ओट्यावर आणखी पाच-सहा तसलेच तुकडे. तिच्या डाव्या हाताला पट्टी होती, डोळे सुजले होते. डेसी पलंगाखाली जाऊन बसली होती. युरानी खिडकीशी, पाठ करून.

एदिल्माची नजर फ्रिजकडे गेली. तिथे तिचा कागद चिकटवला होता. प्रत्येक ओळीखाली इटालियन शब्द लिहिले होते, आणि प्रत्येक ओळीसमोर रोजची एक अशा छोट्या खुणा. केस धुतले. खूण. केस धुतले. खूण. उशीखालचं काढलं. खूण. आठ दिवस ही बाई त्या कागदाबरहुकूम वागत होती. शाळेतली पोर बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं वहीत उतरवते तशी.

एदिल्माला बसावंसं वाटलं. ती बसली.

मिरेला समोर येऊन बसली. तिला भाषा जेमतेम येत होती, आणि जी येत होती तीही अर्धी स्वतःच्या देशाची.

"मी तुमचा... राग," ती म्हणाली. "आठ दिवस. खूप राग. डेसी रडते, म्हणते एदी. हसते, म्हणते एदी. जेवताना एदी. मी तुम्हाला बघितलं एकदा, आणि मनात... " तिला शब्द सापडेना. तिने मूठ वळून छातीवर ठेवली आणि पिळून दाखवली. "जळतं. मी वाईट बाई."

एदिल्माने बत्तीस वर्षांत अनेक परक्या आयांचा हेवा केला होता. आपलाही कोणी हेवा करू शकतं, आणि तोही हिच्यासारखीने, हे तिच्या स्वप्नात आलं नव्हतं. तिला त्याचा आनंद झाला. झाला, हे खोटं कशाला सांगा? पण तो आनंद घशाखाली उतरेना.

ती उठली आणि पलंगाशी गेली. "डेसी, बाहेर ये. बटणं मोजायची आहेत."

डेसी बाहेर आली. एदिल्माने तिला बाकावर निजवलं, रुमाल मागितला, वाटी मागितली. मिरेला दाराशी उभी राहून बघत होती. पाणी वाटी-वाटीने मागे जात होतं आणि डेसी मोजत होती, एक, दोन, तीन. पहिल्या सातापर्यंत एदिल्मा तोऱ्यात होती. दुसऱ्या सातात तिने मिरेलाचं तोंड पाहिलं. कोणी आपल्यासमोर बसून जेवावं आणि आपण उपाशी असावं, तसं ते तोंड होतं.

"तूच म्हणाली होतीस," मागून युरानी बोलली. केव्हा आली कळलंच नाही. "परत पाठवतात म्हणून. मग पाठवत का नाहीत? डेसी चावली, मी जेवत नाही, ताट ढकललं, तरी ही रोज सकाळी तसंच हसत उठवायला येते. कधी पाठवणार?"

मुलगी भराभरा बोलली होती. मिरेलाला त्यातलं काही कळलं नव्हतं, ओरेस्ते बाहेरच्या खोलीत होता. एदिल्माला गप्प बसता आलं असतं.

"ते खोटं होतं," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"परत पाठवतात ते. कोणी पाठवत नाही. मी बोलले ते तुला जावंसंच वाटू नये म्हणून."

युरानी एक पाऊल पुढे आली. "आणि तुझ्याकडे राहायचं होतं, ते? तेही खोटं?"

"नाही. ते खरं होतं. खोलीसुद्धा आहे."

"मग तू का नाही घेतलंस आम्हाला? हे एवढ्या लांबून आले. तू तर इथेच होतीस. पाच वर्षं."

एदिल्माने वाटी खाली ठेवली. या प्रश्नाचं उत्तर एदिल्माकडे असायला हवं होतं. वयाचं काहीतरी, नियमाचं काहीतरी. पण तिने कोणाकडे कधी चौकशीच केली नव्हती. कोणी नेणार नाही म्हणजे मागायची गरज नाही, असं तिने धरलं होतं. परसातल्या झाडावर कोणी नाव घालत नाही, तसं.

"मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, न विचारताच माझ्या आहात."

युरानीने खालचा ओठ दातांत धरला आणि ती वळून गेली. तिने दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

डेसीचे केस पुसून झाल्यावर एदिल्मा फ्रिजपाशी गेली, तिने कागद ओढून काढला आणि मिरेलासमोर धरला. "हे खोटं आहे. मी लिहिलंय. मुद्दाम."

मिरेलाने खिशातला छोटा शब्दकोश काढला. "मुद्दाम" शोधायला तिला थोडा वेळ लागला. सापडल्यावर तिने तो मिटला. कानांपर्यंत लाल झाली. उठून स्वयंपाकघरात गेली आणि तवा असा आदळला की ओरेस्ते धावत आला. नवरा-बायकोचं त्यांच्या भाषेत मोठमोठ्याने काही चाललं. एदिल्मा घोंगडी सावरत उभीच होती. हाकलेपर्यंत जायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

मिरेला परत आली ती कोरा कागद आणि पेन घेऊन. ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बोला. हळू. सगळं."

एदिल्मा दुपारभर बोलत होती. डबा, उंदीर, रुमाल, बटणं. युरानीला प्रश्न विचारू नयेत, आपणच बोलत राहावं, पाचव्या महिन्यात ती विचारेल. एकेक गोष्ट सांगताना आपल्या पेटीतली एकेक वस्तू काढून दुसऱ्याच्या पेटीत ठेवल्यासारखं तिला वाटत होतं. मध्येच ती थांबली, एक तरी मागे ठेवावी म्हणून. मिरेलाने पेन उचलून तिच्याकडे पाहिलं. तिने तीही सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंपारो मॅडमना जाऊन सगळं कबूल केलं. मॅडमना आधी खरं वाटेना. मग त्या खूप बोलल्या, आणि त्यांचं बोलणं बरोबर होतं. वर्षभर एदिल्माला मुलांच्या तयारीच्या कामातून काढून कोठीघरात नेमलं. कुस्तोदिया म्हणाली, "बरं झालं. तांदूळ-डाळीला तरी परदेशी आया न्यायला येत नाहीत." आणि मग तिच्या ताटात मांसाचा तुकडा जास्तीचा वाढला.

कोर्टाला आणखी पाच आठवडे लागले. एदिल्मा दोन-तीनदा बोलावलं म्हणून गेली. न बोलावता गेली नाही, पण चौकातून जायचा रस्ता मात्र तिने धरला. एका शनिवारी बाजारात तिने त्यांना लांबून पाहिलं. डेसीने चीजचा पाव विकणाऱ्या बाईपुढे मिरेलाचा झगा ओढला आणि "मामा, दोन घे, एक डब्यात," असं म्हणाली. अगदी सहज. मामा, म्हणजे त्यांच्या भाषेत आई. मिरेला तिथेच पैसे हातात धरून उभी राहिली, विकणारीला दोनदा मागावे लागले. एदिल्मा कांद्याच्या पोत्यांमागे होती. तिला वाटलं होतं हे ऐकलं की फार दुखेल. तेवढंच दुखलं, जराही कमी नाही.

निघायच्या दिवशी विमानासाठी बोगोताला नेणारी गाडी बालगृहासमोर थांबली. डेसी सगळ्यांच्या गळ्यात पडली, कुस्तोदियाच्या दोनदा. युरानी गाडीतून उतरली नाही. मिरेलाने तिला काही सांगितलं, तिने मान हलवून नकार दिला. एदिल्मा खिडकीपाशी गेली नाही. मुलीचा तो हक्क होता. गाडी वळेपर्यंत युरानी काचेतून तिच्याकडे बघत होती. हात हलवला नाही, पण डोळेही वळवले नाहीत.

दर सहा महिन्यांनी इटलीहून अहवाल आणि फोटो येत. अंपारो मॅडम ते एदिल्माला दाखवत. त्यांनी मनात धरून ठेवलं नव्हतं. एदिल्मा एकेक फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघे.

"वाळलीये."

"वाढलीये, एदिल्माबाई. उंच झालीये."

"केस कापले की."

"तिनेच कापून घेतले, इथे लिहिलंय."

"बर्फात अशी उघड्या डोक्याने उभी केलीये. आई म्हणायचं!"

अंपारो मॅडम हसू दाबत. एदिल्माला स्वतःलाही कधी कधी हसू येई. पण खोड जात नव्हती, आणि ती जाईल असं तिने धरलंही नव्हतं. कोठीघरातलं वर्ष संपलं. पुन्हा मुलं तिच्याकडे आली, लहान आणि मोठी. आता मोठ्यांनाही न्यायला माणसं येत होती, कधी स्पेनहून, कधी फ्रान्सहून. सवयींचे कागद ती आता इतके लांबलचक लिही की मॅडमना ते कापावे लागत. लिहिताना पोटात दुखे, तरी लिही.

मुली गेल्यानंतर तीन वर्षांनी तिने काम सोडलं आणि वेंताकेमादाला भावाच्या शेजारी त्या दोन खोल्यांत राहायला गेली. एके दुपारी भाची फोन घेऊन धावत आली. पडद्यावर मिरेला होती, तेच दात, केस मात्र पांढरे होऊ दिलेले.

"एदिल्मा," ती म्हणाली. भाषा सुधारली होती. "युरानी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. खोलीत बसते. म्हणते, एदीशीच बोलायचं. मला... तुम्हाला माहितीये मला काय होतंय ते. पण फोन केला."

"माहितीये," एदिल्मा म्हणाली. "द्या तिला."

चौदा वर्षांची युरानी पडद्यावर आली. चेहरा लांबट झालेला, आवाजात त्या देशाची लय. इकडचं तिकडचं तिने काही विचारलं नाही.

"खरं सांगणार असशील तर विचारते. आमची आई आली होती का कधी, बालगृहात? आम्हाला बघायला?"

नाही म्हटलं असतं तर कोण बघायला आलं होतं? त्या जन्मदात्या बाईचाही एदिल्माने एकेकाळी हेवा केला होता. काही न करता तिला या मुलींच्या चेहऱ्यात जागा मिळाली होती.

"दोनदा आली," एदिल्मा म्हणाली. "पहिल्या वर्षी. पहिल्यांदा तू शाळेत होतीस, डेसी बालवाडीत, तिला थांबू दिलं नाही. दुसऱ्यांदा डेसी तापात होती, तू झोपली होतीस, तिने उठवू नका म्हटलं. तुझ्यासाठी लाल बूट ठेवून गेली. नंतर आली नाही. का, ते मला ठाऊक नाही."

युरानीने फोन जवळ ओढला.

"लाल बूट मला आठवतात," युरानी म्हणाली. "मला वाटायचं, ते तू आणलेस."

"मी तसं वाटू दिलं."

युरानीने डोळे पुसले आणि मग, रडता रडताच, तिला हसू फुटलं. "एदी, तू ना, भारी चोरटी बाई आहेस."

"आहे," एदिल्मा म्हणाली. "वेणी का कापलीस गं?"

"रोज घालायला वेळ कुणाला आहे?" मग ती बराच वेळ बोलली. शाळेचं, एका मैत्रिणीचं, म्हातारा कुत्रा मेल्याचं. पालोमा आहे का, विचारलं. पालोमा विकली होती, तिचं वासरू होतं. एदिल्माने फोन दाराबाहेर धरून ते दाखवलं. तेवढ्यात मागून मिरेलाची हाक आली. युरानीने मान वळवून तिकडच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं. त्यात फक्त "मामा" तेवढं एदिल्माला कळलं.

"जाते. पुढच्या रविवारी करू?"

"कर. मी कुठे जातेय?"

फोन बंद झाला. भाचीने विचारलं, "का गेली लगेच?"

"जेवायला बोलावलं तिला."

"कोणी?"

"आईने," एदिल्मा म्हणाली, आणि राहिलेले बटाटे सोलायला बसली. त्या घरात आज जेवायला काय केलं होतं, ते विचारायचं राहून गेलं, याची तिला संध्याकाळपर्यंत चुटपुट लागून राहिली.